हितसंबंध

वीज गेली आणि लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधेच अडकली. आत दोघंच. ती वीज नियामक आयोगात नुकतीच लागलेली. कंपनी लोकांना वीज नीट पुरवते की नाही, हे तपासणारी अधिकारी. मोबाइल तेव्हा फारसे कोणाकडे नव्हते, त्यामुळे अंधार पुरता अंधारच होता. तिने घड्याळाचे चमकणारे काटे पाहिले.

"कोणी वाट बघतंय का?" अंधारातून आवाज आला.

"नाही. वीज किती मिनिटं जाते ते मोजतेय."

"बापरे! मग माझं काही खरं नाही... मी वीज कंपनीचा इंजिनिअर."

तासाभराने आयोगापुढच्या सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी छातीठोकपणे सांगितलं, की या भागात आज वीज गेलीच नाही.

ती उठली. "सतरा मिनिटं गेली होती. मी लिफ्टमध्ये होते."

"साक्षीदार?"

मागच्या रांगेतून तो उभा राहिला. "मी होतो ना."

वकिलांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

कंपनीच्या माणसाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, असा आयोगाचा नियम. मग उपाहारगृहात दोघं दोन टेबलांवर पाठीला पाठ लावून बसत आणि आपापला चहा पीत.

"अहो आयोग, आज साखर कमी आहे."

"लेखी तक्रार करा."

अशी सहा वर्षं गेली.

आयोगात दरवर्षी एक अर्ज भरावा लागे: 'ज्या कंपनीचं काम पाहता, तिच्यात आपले हितसंबंध आहेत का?' पाचदा तिने 'नाहीत' लिहिलं होतं. सहाव्यांदा पेन थबकलं. 'आहेत' लिहिलं, तर त्या कंपनीच्या सगळ्या फायली तिच्या टेबलावरून जाणार. वीज गेली की ग्राहकाला भरपाई मिळावी, हा तिने शब्दन् शब्द घासून लिहिलेला नियमही त्यांतच होता. तो दुसऱ्याच कोणाच्या नावाने निघणार...

ती सचिवबाईंकडे गेली. त्या लवकर तापत, म्हणून सगळे त्यांना मागे 'फ्यूज' म्हणत.

"आहेत की नाहीत?"

"बाई, अजून... त्यांना विचारलेलं नाही."

"अगं मग विचार! अर्ज पाचपर्यंत द्यायचाय."

तिने फोन लावला. "एक सरकारी प्रश्न आहे," म्हणून अर्जातली ओळ वाचून दाखवली.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. पण तुमचा नियम जाईल हो."

"माहीत आहे."

"वाईट वाटेल."

"वाटेल. कधीकधी."

"मग... हित कोणाचं ते आपण भांडून ठरवू," तो म्हणाला, "तोवर संबंध आहे, एवढं लिहून टाका."

तिने लिहिलं.

नोकरीतलं बाकी बरंच ती आता विसरली आहे. पण लग्नानंतर नियम छापून आला ती सकाळ नाही. खाली दुसऱ्याच अधिकाऱ्याचं नाव होतं. नवऱ्याने वर्तमानपत्र उघडून तो मोठ्याने वाचला... प्रत्येक स्वल्पविरामापाशी थांबून विचारत, "हा तुझाच ना?" ती मान हलवत राहिली.

एका स्वल्पविरामापाशी मात्र त्याने विचारलं नाही.

"हा नाही," तो म्हणाला. "हा तुझा नाही."

खरंच नव्हता.