मोंबासाचा मे महिना

छाया आणि योगराज पहिल्यांदा भेटले ते सुरतेजवळच्या उधना स्टेशनवर, चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये. लिंबायतच्या गल्ल्या ओस पडत होत्या आणि खान्देशाकडे निघालेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. छायाच्या नवऱ्याला, हिलालला, ताप भरला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला होता. ती फलाटावर नुसती उभी होती.

"चढायचंय ना तुम्हाला?" डब्याच्या दारातून एकानं विचारलं.

"माहीत नाही…"

त्यानं हात धरून तिला आत ओढलं. बसायला स्वतःची ट्रंक दिली, पाणी दिलं. नंदुरबारला ती उतरून गेली, नावही न सांगता.

पुढे ती सुरतेला परतली. पोट भरायचं होतं ना. घरी बसून साड्यांना लेस लावू लागली. एकदा लिंबायतच्या भाजीबाजारात कुणीतरी शेजारी येऊन वांगी निवडू लागलं.

"नंदुरबारला उतरलेल्या तुम्हीच ना?"

छायानं वर पाहिलं. "एवढं लक्षात ठेवलंत?"

"उतरताना मागे वळून पाहिलं नाहीत… म्हणून राहिलं."

त्यानंतर योगराज रोज वांगी घेऊ लागला. एकट्या माणसाला एवढी वांगी कशाला, हे भाजीवालीलाही कळत होतं. शेवटी त्यानं लग्नाचं विचारलं, आणि छाया इतक्या चटकन 'हो' म्हणाली की तोच गोंधळला.

"तिना पायगुण चांगला नही शे," त्याची आत्या शोभाबाई छायाच्या देखतच म्हणाली. छाया खाली मान घालून भाकरी थापत राहिली. ऐकायची सवय झाली होती.

योगराज यंत्रमागांचा मास्टर. त्याच्या सेठच्या मेहुण्यानं मोंबासाला, थेट आफ्रिकेत, कापडाचा कारखाना काढला. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिथले माग बसवायला योगराजला बोलावणं आलं. "बायको येणार असेल तर येतो," तो सेठला म्हणाला. वेडाच होता.

सुरतेत अंगाची लाही होत होती, तिकडे मे महिन्यात पाऊस. समुद्राच्या वाटेवर झाडांवरून माकडं वाकून बघत. वाळू पिठासारखी पांढरी.

"आपल्या डुमसच्या किनाऱ्यावरची काळी. इथे कुणी चाळून ठेवली?" योगराज म्हणाला.

"तुमच्या सेठनं," ती म्हणाली. तो हसला, आणि तीही… थोडीशी.

एका रविवारी सेठच्या मेहुण्यानं दोघांना जीप दिली, जंगल बघायला. जिराफ दिसले. मग हत्ती – लाल मातीत लोळून लालभडक झालेले. कळपातली एक हत्तीण मात्र मागे राहिली होती. पुढ्यात हत्तीचीच पांढरी पडलेली मोठी कवटी. ती त्या कवटीवरून सोंड फिरवत होती, हळूहळू, तापलेल्या कपाळावरून हात फिरवावा तशी.

"कुणाची असेल?" योगराजनं विचारलं.

"तिच्याच माणसाची," छाया म्हणाली, आणि तिनं तोंड फिरवलं. हिलालचं तोंडही तिला नीट बघू दिलं नव्हतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर, भुरभुर पावसात, योगराजनं तिचा हात धरला. लांबवर डॉल्फिन उसळत होते.

"एक विचारू? तुझा जीव आहे का गं माझ्यावर?"

"भाजीत मीठ बरोबर असतं ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे… असेल की." आणि ती पाण्याकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात त्याला ताप आला. आधी थंडी, मग अंग भाजू लागलं. छायानं कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा तेच… तिला वाटलं, पायगुण.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मलेरिया आहे. मेंदूपर्यंत गेलाय. आम्ही औषध देतोय, पण खात्री नाही देऊ शकत." योगराज बडबडत होता, तिला ओळखत नव्हता. छाया खाटेजवळ बसून राहिली. ती देवाला काही बोलली नाही. मागच्या वेळी बोलली होती.

चौथ्या दिवशी पहाटे त्याच्या अंगाला घाम फुटला. उजाडल्यावर त्यानं डोळे उघडले आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.

"छाया… जेवलीस?"

इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. हिलालच्या वेळीही नाही. आता ते थांबेना.

"तुम्ही विचारलं होतं ना किनाऱ्यावर… तर ऐका. तुमच्यावर जीव नव्हता, म्हणून मी लग्नाला हो म्हटलं. वाटलं, हा माणूस उद्या गेला तरी मला काही व्हायचं नाही. सोपं जाईल."

बाहेर पावसाची झड लागली होती.

"आणि आता?"

"आता सोपं नाही राहिलं," ती म्हणाली. "तुम्ही माझा घात केलात."

डॉक्टरांनी अजून खात्री दिली नव्हती. ताप उलटू शकतो, म्हणाले होते. योगराजला हात उचलायचंही त्राण नव्हतं. तो कण्हत, इंच-इंच करत भिंतीकडे सरकला आणि खाटेवर तिच्यापुरती जागा केली.