सवड

कौस्तुभ निमसे संध्याकाळी घरी पोहोचायचा, हातपाय धुवायचा, मुलीचे पाढे घ्यायचा, बायकोशी गप्पा मारत भाजी चिरायचा, जेवणं झाली की ओटा पुसायचा. आणि यातल्या कशालाही तो हजर नसायचा.

शरीरानं असायचा. तोंडानंही असायचा. "हं", "हो का?", "मग तू काय म्हणालीस?", "बघू रविवारी" हे सगळं जिथल्या तिथे आणि योग्य सुरात यायचं. फक्त बोलणाऱ्याला आपण बोलतोय याचा पत्ता नसायचा. त्या वेळी तो आपल्या अ‍ॅपमधली एखादी चूक मनातल्या मनात हुडकत असायचा. डोक्यात कोडच्या ओळी जुळवून ठेवायच्या आणि सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्या नुसत्या टाइप करायच्या, असा त्याचा शिरस्ता होता. त्याच्या कानामागे बोटभर लांबीची एक पट्टी चिकटवलेली असे. पण तशी पट्टी आता निम्म्या नाशिकच्या कानामागे होती, कुणाच्या झोपेसाठी, कुणाच्या अर्धशिशीसाठी. त्यामुळे त्याच्या बायकोला, शलाकाला, त्यात वावगं वाटायचं काही कारण नव्हतं.

पट्टी जुनीच होती. तिच्याकडून करून घेतलेलं काम मात्र नवं होतं आणि ते कौस्तुभच्या डोक्यातून निघालं होतं.

आपल्या मेंदूच्या खोल गाभ्यात पेशींचे काही पुंजके असतात. रोजची, अंगवळणी पडलेली कामं ते सांभाळतात. आपण स्कूटरवरून घरी येतो आणि मधला रस्ता काही केल्या आठवत नाही. कुलूप लावलं की नाही या शंकेनं जिना पुन्हा चढून जातो, तर कुलूप व्यवस्थित लागलेलं असतं. ते या पुंजक्यांनी लावलेलं असतं. संशोधकांनी या यंत्रणेला 'वळण' असं नाव दिलं होतं. मुलांना वळण लावतो, त्यातलंच. याउलट जे नवं असेल, अवघड किंवा अनोळखी असेल, ते मेंदूचा पुढचा भाग हाताळतो. त्याला म्हणायचं 'अवधान'. वळण काम करत असताना अवधान मधूनमधून डोकावून जातं, म्हणून आपण भाजी चिरतानाही थोडेफार तिथे असतो. पट्टीतून हलकी चुंबकीय स्पंदनं सोडली तर हे डोकावणं बंद पाडता येतं, एवढंच कौस्तुभनं हेरलं. मग शरीर वळणाच्या स्वाधीन आणि अवधान मोकळं. अ‍ॅपचं नाव त्यानं ठेवलं 'सवड'.

हे सगळं त्यानं एकट्यानं केलं. दिवसा तो एका विमा कंपनीत जुनाट प्रोग्रामांची डागडुजी करायचा. स्वतःचं असं काहीतरी उभं करायचं वेड लग्नाआधीपासूनचं होतं. पण रुंजी झाली तेव्हा शलाकानं त्याच्याकडून शब्द घेतला होता की संध्याकाळ घराची, तेव्हा लॅपटॉप उघडायचा नाही. गड्यानं शब्द पाळला. लॅपटॉप एकदाही उघडला नाही. लोकांना सवड मिळवून देणारं अ‍ॅप बनवायला याला स्वतःला सवड नव्हती, म्हणून अर्धवट बनलेलं अ‍ॅप त्यानं आधी स्वतःवर चालवलं आणि त्यातून मिळालेल्या सवडीत उरलेलं अर्धं पुरं केलं. या युक्तीवर तो बेहद्द खूश होता.

त्याची मावसबहीण वृंदाताई पुण्यात मेंदूवर संशोधन करायची. तिच्याच एका निबंधावरून त्याला ही कल्पना सुचली होती. दिवाळीत भेट झाली तेव्हा त्यानं मोठ्या उत्साहानं तिला सगळं सांगितलं. तिनं फराळाची बशी बाजूला ठेवली.

"घरी वापरतोस?"

"घरीच तर वापरतो. ताई, कुणाला कळतसुद्धा नाही. परवा शलाका म्हणाली, हल्ली तू किती शांतपणे ऐकून घेतोस."

"तू ऐकत नाहीयेस. आणि वळणही ऐकत नाही, कौस्तुभ. ते फक्त ओळखतं. समोरच्यानं अर्धं वाक्य म्हटलं की पुढचं अर्धं ते धरूनच चालतं. रोजचंच असणार, या हिशेबानं. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तू तिथे नसशील. मग तुला कळणार कसं?" ती म्हणाली. "आणि दुसरं. पायवाट जितकी तुडवशील तितकी ती रुळणार. एक दिवस पट्टीची गरजच उरणार नाही."

हे शेवटचं वाक्य कौस्तुभला जाहिरातीसारखं वाटलं. तो हसला. संक्रांतीच्या सुमारास त्यानं 'सवड' लोकांसाठी खुलं केलं आणि होळीपर्यंत ते हजारो कानांमागे गेलं.

आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणतात आणि घरातला माणूस 'ये' म्हणतो. शलाका रक्तपेढीत कामाला होती आणि रोज सकाळी दारातून "येते रे" म्हणायची. कौस्तुभ आतून "ये हं" म्हणायचा. होळीनंतरच्या एका शनिवारी कानामागे चटका बसला म्हणून तो भानावर आला, तर शलाका समोर उभी होती आणि ओरबाडून काढलेली पट्टी तिच्या हातात होती. पायाशी प्रवासाची बॅग होती. रुंजी बूट घालून दाराला टेकली होती.

"मी आत्ता तुला काय म्हणाले?" शलाकानं विचारलं.

"येते म्हणालीस."

"मी म्हणाले, जाते. तू म्हणालास, ये हं, सावकाश ये. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून पुन्हा म्हणाले, कौस्तुभ, मी तुला सोडून जातेय. त्यावर म्हणालास, ये, पोचलीस की फोन कर."

कौस्तुभनं बॅगेकडे पाहिलं, मग रुंजीच्या बुटांकडे.

"मग मी म्हटलं, मी मेले. तर तू हसलास. हसलास आणि म्हणालास, बरं, येताना कोथिंबीर आण." तिचा आवाज फाटला. "गेले कित्येक महिने मी कुणाशी बोलतेय रे? बाबांच्या आजारपणाचं, माझ्या बढतीचं, ते दुसऱ्या मुलाचं... ते सगळं मी कुणाला सांगितलं?"

दुसऱ्या मुलाचं काय, हे त्याला माहीत नव्हतं. विचारायची हिंमतही झाली नाही. शलाका रुंजीला घेऊन धुळ्याला, माहेरी निघून गेली.

माणूस वाईट नव्हता. त्याच दिवशी त्यानं 'सवड' बंद केलं. सगळ्यांना कळवलं की हे घातक आहे, ताबडतोब काढून टाका. काहींनी काढलं. अनेकांची उत्तरं आली, "हं, बघू." पट्टी कचऱ्यात टाकून त्यानं धुळ्याची बस पकडली. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याशी तो जळगावच्या केळ्यांपासून पोराच्या लग्नापर्यंत मनापासून बोलला, त्याचा शब्द न् शब्द ऐकला आणि त्याला बरं वाटलं. आपण ठीक आहोत, अजून हातातून काही गेलेलं नाही, असं त्याला वाटलं.

धुळ्याला शलाकानं चहा दिला आणि ती समोर बसली. "तुला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "खरं सांगशील?"

त्यानंतर त्याच्या हातात रिकामा कप होता. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. शलाका डोळे पुसत होती, पण चेहरा मोकळा झाला होता.

"एवढंच ऐकायचं होतं मला," ती म्हणाली. "चल, बॅग भरते."

कौस्तुभनं कानामागे हात नेला. तिथे नुसती कातडी होती.

वृंदाताईनं प्रयोगशाळेत त्याला खुर्चीत बसवलं, डोक्यावर जाळी चढवली आणि एकामागून एक आवाज ऐकवले. कुणा परक्या बाईचा, वाण्याचा, बातम्या देणाऱ्याचा. पडद्यावर त्याच्या मेंदूचा पुढचा भाग उजळत राहिला. मग तिनं शलाकाचा आवाज लावला. "अरे ऐक ना" एवढे तीन शब्द पुरे होण्याआधीच पडद्यावर अंधार झाला. रुंजीच्या आवाजाला तर एक हाकही पुरी लागली नाही. हे सगळं नंतर ताईनं दाखवलं म्हणून त्याला कळलं. तेवढ्या वेळातलं त्याला काहीच आठवत नव्हतं.

"घर म्हणजे वळणाचं काम, हे तू मेंदूला पढवून ठेवलंस," ती म्हणाली. "आता तो ते पट्टीशिवाय करतो. आवाज जितका जवळचा, तितका तू लवकर जातोस."

"पण तुझ्याशी बोलताना मी आहे ना इथे?"

"आपण वर्षातून दोनदा भेटतो, बाळा."

"मग उपाय काय?"

"मला माहीत नाही. तुझ्याआधी हे कुणाला झालेलंच नाही. जे परकं वाटेल, त्याला तू जागा असशील. शलाकाचा त्या दिवशीचा आवाज परका होता, म्हणून तो तू ऐकलास. पण परकेपणही फार दिवस टिकत नाही, त्याचीही सवय होतेच." तिनं त्याच्या डोक्यावरची जाळी काढली. "शलाकाला सांग. आजच सांग."

त्यानं सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे धुळ्याला दिलेलं ते उत्तरही आपण दिलं नव्हतं, हे कबूल करणं आलं. तिनं काय विचारलं आणि आपण काय कबूल केलं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्या न आठवणाऱ्या शब्दावर संसार पुन्हा उभा राहिला होता आणि तो मोडायला त्याचं मन धजेना. भित्रेपणा होता हा, दुसरं काय म्हणायचं?

मग तो ऑफिसात जगू लागला. चहावाल्याशी, लिफ्टमधल्या अनोळखी माणसांशी बोलताना तो असायचा. घराच्या दारात पाऊल टाकलं की संपलं. पुन्हा भान यायचं ते सकाळी बसस्टॉपवर. मधल्या वेळात काय घडलं, याचा तो खुणांवरून अंदाज बांधायचा. एका सकाळी डब्यात केकचा तुकडा निघाला, तेव्हा रुंजीचा वाढदिवस होऊन गेल्याचं त्याला कळलं. तो बाकावर बसून रडला. शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली. त्या माणसाचा चेहरा त्याला आजही आठवतो.

मे महिन्यात शलाकाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ती दोन दिवसांसाठी धुळ्याला गेली आणि रुंजीला कौस्तुभजवळ ठेवून गेली. जाताना तिनं विचारलं असेल, "नीट बघशील ना?" आणि यानं म्हटलं असेल, "हो गं, ये तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी कौस्तुभला एकाएकी जाग आली. तो ओट्याशी उभा होता, हातात कालथा होता आणि मागून कुणीतरी हाका मारत होतं.

"अहो काका! अहो काका, जरा ऐकता का?"

शेजारचा मुलगा चेंडू मागायला आला असेल, असं वाटून तो वळला. "बोल रे," तो म्हणाला. समोर रुंजी होती. तिचे केस कापलेले होते. पुढचे दोन दात नवे आले होते. ती केव्हा एवढी उंच झाली, त्याला कळेना. डावं मनगट सुजून टम्म झालं होतं आणि त्यावर तिनं स्वतःच रुमाल गुंडाळला होता.

ती पाठ केल्यासारखं भरभर बोलत होती. "अहो काका, माझा हात फार दुखतोय. मी काल झोपाळ्यावरून पडले. माझ्या बाबांना सांगितलं तर ते हं म्हणाले. मग रडून सांगितलं तर म्हणाले, बघू रविवारी. तुम्ही सांगता का त्यांना?"

कौस्तुभनं गॅस बंद केला आणि तिला उचलून तो रस्त्यावर धावला. रिक्षात ती त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि मधूनच "अहो काका" म्हणत होती, काही सांगायचं नसतानाही. शेजारचा मुलगा असं म्हणाला की बाबा वळून बघतो, त्याला नाव विचारतो, हसतो, हे तिनं दारामागून पाहिलं होतं. यात विज्ञान आहे, हे तिला कुठून माहीत असणार?

मनगटाच्या हाडाला तडा गेला होता. प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी तिचं लक्ष दुसरीकडे वळवायला विचारलं, "शूर मुलगी आहेस गं! कोण आलंय तुझ्याबरोबर? बाबा?"

"नाही," रुंजी म्हणाली. "काका आलेत."

डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर त्यानं तिला मांडीवर घेतलं, तिच्या केसांना हुंगलं. तिच्या हाका आत्तापासूनच त्याला थोड्या ओळखीच्या वाटू लागल्या होत्या आणि त्याची त्याला भीती वाटली. सगळं शलाकाला सांगायचं, आजच सांगायचं, असं त्यानं ठरवलं. पण तिचा आवाज फोनवर आला की तो राहील का, हे त्याला माहीत नव्हतं.

"रुंजी," तो म्हणाला, "मीच तुझा बाबा आहे ना? एकदा बाबा म्हण की मला."

तिनं जोरजोरात मान हलवली आणि चांगल्या हातानं त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली.

"नको," ती म्हणाली. "बाबा म्हटलं की तुम्ही जाता."