दोष लेन्सचा

कंपालातल्या मोटारसायकलवाल्यांना पावसाचं वावडं. चार थेंब पडले की गिऱ्हाइकाला असेल तिथं उतरवायचं आणि आपण आडोसा गाठायचा. एप्रिलमधल्या एका दुपारी प्रॉसीलाही तिच्या स्वारानं असंच विल्यम स्ट्रीटवर उतरवलं. ती धावत समोरच्या आर्केडमध्ये शिरली आणि जिन्याखालच्या एका चिंचोळ्या दुकानापुढे उभी राहून गाऊन झटकू लागली. पाटीवर लिहिलं होतं, ‘कायीरा कॅमेरा : जुने, नवे, अदलाबदल’.

“आत या ताई, भिजताय,” आतून आवाज आला.

तेवढंच झालं. पण त्या ‘ताई’नं पुढचे सात महिने प्रॉसीचं चित्त थाऱ्यावर ठेवलं नाही.

काउंटरमागे एक उंच तरुण रबरी फुग्यानं लेन्सवरची धूळ उडवत होता. पाहताना त्याचा डावा डोळा आपोआप बारीक व्हायचा, जणू सगळं जग त्याला व्ह्यूफाइंडरमधूनच दिसत होतं. प्रॉसीच्या पिशवीत मामाचा जुना कॅमेरा होता. रविवारी फोटो काढायचा तिला नाद होता, आणि त्याहून मोठा नाद होता तो कुठला कॅमेरा, कुठली लेन्स बरी याचा विचार करत बसण्याचा. पाऊस थांबेस्तोवर बोलणं झालं. पाऊस थांबल्यावरही झालं. घरी जाताना तिला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही.

आणि लगेच दुसरंही आठवलं. आमच्याकडे नाव ऐकलं की कूळ कळतं. पाटीवर कायीरा, आणि ही प्रॉसी नाकायीरा. नाव एकच, पुरुषाचं तसं, बाईचं असं. दोघंही रानरेड्याच्या कुळातली, म्हणजे भाऊ-बहीण. जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसो, तरी भाऊ-बहीण. स्वतःच्या कुळात लग्न आमच्यात होत नाही. कुणी नुसतं तसं मनात आणलं तरी घरातली थोरली माणसं जेवणावरून उठतात. तो ताई म्हणाला ते उगाच नव्हे, असं तिनं मनाशी पक्कं केलं. पुढे लेन्सचे पैसे मोबाइलवरून पाठवले तेव्हा फोनवरही कायीरा हेच नाव आलं. मग विचारायचं तरी काय?

शहाणी असती तर तिनं त्या रस्त्यानं जाणं सोडलं असतं. प्रॉसी दर तीन आठवड्यांनी जाऊ लागली.

“कॅमेऱ्याची बॉडी बदलायचीय,” पहिल्या खेपेला ती म्हणाली.

“काय बिघडलंय तिचं?”

“काही नाही. पण... नवी असावी असं वाटतं.”

“बॉडी म्हणजे चूल हो, ताई. चूल बदलून चव बदलत नाही. लेन्स बदलून बघा.”

तिनं पन्नास मिलिमीटरची घेतली. तीन आठवड्यांनी परत आणली, कारण काय, तर तिच्यातून माणसं फार जवळ येतात. चार पावलं मागं सरकायचं, असं त्यानं सुचवलं. मागं भिंत होती, असं तिनं सांगितलं. मग चोवीसची नेली. तिच्यात सगळं गाव मावतं आणि नेमकं जे बघायचं ते कोपऱ्यात जातं, म्हणून तीही परत. मग उखळीएवढा जड झूम. त्यानं तो काउंटरवर ठेवला, पण हात काही काढला नाही.

“एवढ्या लांबून कुणाला बघायचंय?”

“करकोच्यांना,” ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

“करकोचे तुमच्या दवाखान्यासमोरच्या कचऱ्यावर बसलेले असतात. त्यांना झूम कशाला? हाक मारली तरी येतील.”

ती वांडेगेयाच्या दवाखान्यात रक्ताच्या काचा तपासते हे त्यानं लक्षात ठेवलं होतं. एवढ्याशा गोष्टीनं तिचा अख्खा आठवडा वाया गेला. काचेवर जंतू शोधायचे सोडून ती आपली त्या डाव्या डोळ्याचा विचार करायची. झूमही परत गेला. खरी गोष्ट साधी होती : पटलेली लेन्स घरी राहते, न पटलेली दुकानात न्यावी लागते. म्हणून तिला काहीच पटत नव्हतं.

नोव्हेंबर उजाडला. रस्त्याच्या कडेला बायका तळलेले नाकतोडे विकू लागल्या, रोज संध्याकाळी आभाळ कोसळू लागलं. प्रॉसीच्या चुलतबहिणीचं, डोरीनचं क्वांजुला ठरलं. म्हणजे नवरामुलगा आपली माणसं घेऊन मुलीच्या घरी येतो आणि रीतसर तिला मागतो तो दिवस. फोटो प्रॉसीनं काढायचे ठरले होते. बुधवारी ती दुकानात गेली, तर त्यानं न विचारताच खणातून एक लेन्स काढली.

“पंच्याऐंशीची. तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय. चेहऱ्यांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. पण ही लाड करत नाही, ताई. ज्याच्यावर नजर ठेवाल तेवढंच माणूस स्पष्ट, बाकी सगळं धूसर. नाही पटली तर आणा परत, नेहमीसारखी.”

बोटांना बोटं लागली. तिनं लेन्स पिशवीत टाकली आणि चालू लागली.

शनिवारी मुकोनोला काकाच्या अंगणात दोन्ही बाजूंनी मांडव पडले. इकडे मुलीकडचे, तिकडे मुलाकडचे, मधे हिरवळ. दोन्हीकडून बोलणी करणारे बोलके एकमेकांना टोमणे मारत होते. चमकत्या गोमेसी नेसलेल्या मुली रांगेनं येऊन गुडघे टेकून पाहुण्यांना नमस्कार करत होत्या. प्रॉसीनं कॅमेरा डोळ्याला लावला, समोरच्या मांडवावर नेला आणि तिथंच धरून ठेवला.

नवऱ्यामुलाच्या मागच्या रांगेत तो बसला होता. पांढराशुभ्र पायघोळ कांझू, वर काळा कोट, पाठ ताठ. हा नवऱ्याचा मित्र निघाला तर! पण आपल्याच कुळाचा माणूस आपल्याच कुळाची मुलगी मागायला तिकडच्या मांडवात कसा बसला? तिला ते जरा खटकलं. पण खटकलेल्या गोष्टीचा विचार करण्याइतकं डोकं तिच्यापाशी त्या दिवशी उरलं नव्हतं. दोघी बहिणींची आत्या पाहुण्यांच्या रांगांतून फिरली, नवऱ्यामुलाला शोधून तिनं त्याच्या कोटाला फूल लावलं, मग डोरीन आली, भेटींच्या टोपल्या आल्या, केक आला. प्रॉसी सगळीकडे धावली आणि नुसती बटण दाबत सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यानं चष्मा चढवला आणि लॅपटॉपवर फोटो पाहायला बसली. एक पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला.

“डोरीन कुठंय गं?”

“ही काय, पुढं.”

“ही? मला वाटलं केक वितळलाय.” आत्या पडद्याजवळ सरकली. “आणि हा मागचा कोण? याच्या मिशीचे केस मोजून घ्यावेत इतका स्वच्छ आलाय.”

“लेन्समध्ये दोष आहे, आत्या. फोकस मागं जातो. होतं असं जुन्या लेन्सचं.”

आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग इतकंच म्हणाली, की दोष असेल तर परत करून ये.

सोमवारी प्रॉसी लवकर सुटली. वाटेत ती स्वतःला पढवत होती. मागं फोकस जाणं हा नेहमीचा दोष आहे, कितीतरी लोकांना येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लेन्स दोषी निघायलाच हवी होती. ती दोषी नसली तर मग दोष कुणाचा, आणि तो कुळातल्या भावासमोर कुठल्या तोंडानं कबूल करायचा? निघालीच दोषी, तर पैसे परत घ्यायचे आणि या आर्केडमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

त्यानं फोटो पाहिले. स्वतःचा चेहरा पाहून तो जरासा चपापला. कॅमेरा तिपाईवर बसवला, वर्तमानपत्र तिरकं उभं केलं, मधल्या ओळीवर फोकस धरून पाच फोटो काढले आणि मोठे करून तिच्यासमोर धरले. मधली ओळ लख्ख, पुढची धूसर, मागचीही धूसर.

“लेन्स तर ठीक आहे.”

“पुन्हा बघा,” ती म्हणाली. “शनिवारी नव्हती.”

“तुम्ही फोकसचा चौकोन कॅमेऱ्यावर सोडता की स्वतः हलवता?”

“स्वतः. अंगठ्यानं.” हे तिच्या तोंडून सवयीनं गेलं. गेल्यावर तिला कळलं की जायला नको होतं.

“मग बघूया. नेम कुठं धरला होता ते कॅमेरा लिहून ठेवतो.”

तिनं नको म्हणेपर्यंत त्यानं एक बटण दाबलं. डोरीनच्या फोटोवर एक छोटासा लाल चौकोन उमटला. डोरीनवर नाही. मागच्या रांगेत, कांझू घातलेल्या माणसाच्या डाव्या डोळ्यावर. त्यानं पुढचा फोटो घेतला. टोपल्या, गर्दी, आणि लाल चौकोन त्याच्या चेहऱ्यावर. पुढचा. केक कापताना तो पार बाजूला सरकला होता, तरी चौकोन त्याच्या मागोमाग फोटोच्या कडेला जाऊन बसला होता. बाहेर पाऊस धोधो लागला होता.

“दिवसभर मलेरियाचे जंतू शोधतेस,” तो हळूच म्हणाला, “आणि गोमेसी नेसलेली अख्खी नवरी तुला सापडली नाही?”

तो ‘तू’ म्हणाला हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

“हसू नका. मला माहितीय हे पाप आहे...” प्रॉसीचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला भयंकर राग आला. “सात महिने मी स्वतःला समजावतेय. आवडलात म्हणून काय करू? बोलून उपयोग नाही, न बोलून राहवत नाही. तुम्ही कायीरा, मी नाकायीरा. आता ती लेन्स ठेवून घ्या, मी पुन्हा येणार नाही.”

मग त्यानं काउंटरवर दोन्ही हात टेकले.

“कायीरा म्हणजे जुने मालक. तीन वर्षं झाली, मसाकाला गेले, केळी लावतात. नाव चालतंय म्हणून पाटी ठेवली. फोनचा नंबरही त्यांच्याच नावावर आहे. अर्धं आर्केड मला कायीरा म्हणतं, मीही ओ देतो.”

“आणि ताई? ते पहिल्या दिवसापासूनचं ताई?”

“मग गिऱ्हाइकाला काय म्हणतात? लाडके?”

तिला हसू आलं आणि ते आवरता आवरेना. मग ते एकाएकी थांबलं, कारण भीती अजून गेली नव्हती.

“कूळ कुठलं?”

“उदमांजर.”

“आणि आईचं?” आईचंही कूळ चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“नाकतोडा. तुझ्या आईचं?”

ती आधी डोळे पुसू लागली. तो काउंटरवरून पुढं वाकला. सात महिन्यांत त्याच्या तोंडावर धास्ती दिसली ती तेव्हा पहिल्यांदा.

“सांग ना, बाई. उदमांजर म्हणू नकोस.”

“मासा,” ती म्हणाली.

त्यानं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. मग तो कबूल झाला. शनिवारी कॅमेरा आपल्यावरच रोखलेला आहे असं त्याला सारखं वाटत होतं, म्हणून चार तास पाठ ताठ ठेवून बसला, कंबर अजून दुखतेय. आणि प्रत्येक खेपेला तिला जी लेन्स दिली ती चांगलीच दिली, पण तिनं ती परत आणावी म्हणून मनात प्रार्थना केली. तिनं एकदा तरी ठेवून घेतली असती तर त्याचं कठीण होतं.

“आता आणखी काही कारण उरलंय तुझ्यापाशी?” त्यानं विचारलं.

तिनं शोधलं. सवयच होती तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोट काढायची. यात सापडेना.

तिनं पिशवीतून फोन काढला. मनातलं माणूस मुलगी बापाला सांगत नाही, आईलाही नाही; ते आत्याला सांगायचं असतं, आणि एकदा आत्याला सांगितलं की माघार नसते. हे त्यालाही माहीत होतं. तिनं नंबर लावला तसा तो एकदम सरळ उभा राहिला.

“मी बोलतेय, आत्या. लेन्समध्ये काही दोष नाही.”

“ते मला कालच कळलं. पुढं बोल.”

“मला एकजण आवडलाय.” हे ती फोनमध्ये बोलली, पण बघत त्याच्याकडे होती. “खूप आवडलाय. आपल्या कुळातला नाही. विचारलंय सगळं.”

पलीकडे आत्यानं बहुधा खुर्ची ओढली.

“बरं. नाव काय त्याचं?”

प्रॉसीनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सात महिने. त्याची बोटं तिला पाठ होती, आवाज पाठ होता, चहात साखर किती घेतो तेही ठाऊक होतं. तिनं फोनवर हात ठेवला.

“आत्या विचारतेय... नाव काय तुझं?”

तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला. इतक्या जवळ, काउंटर मधे नसताना, तो तिच्यापुढे कधीच उभा राहिला नव्हता.

“एरिसा,” तो म्हणाला. “एरिसा वालुसिम्बी.”

प्रॉसीनं फोनवरचा हात काढला आणि त्याचं नाव घेतलं.