नर्सबाईंच्या कमरेची किल्ली

"दार उघड ना, राजा. मी आहे ना." एकदा गोड, एकदा कोरडं, एकदा खुनशी.

साबणाच्या अंगाने न्हाणीघरातून धावत बाहेर आलेले बाबा.

रक्त किती लाल हवं, यावर तासभर मीटिंग.

पोटाशी उशी धरून, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेला एक दाढीवाला.

तर – मी व्हिडिओ गेमना आवाज देते. हा गेम भीतीचा. त्यात मी नर्स. रुग्ण, म्हणजे खेळणारा, आतून कुलूप लावून बसलेला, बाहेर मी, हातात सुई. दार उघडलं की सुई टोचायची, पडदा काळा. मेला की झोपला, गेम सांगत नाही. सराव घरी, न्हाणीघराच्या दाराशी. बाबा अजून माझ्याशी जपून बोलतात.

त्या दिवशी ऑफिसचं कार्ड घरी राहिलं. काचेपलीकडे दाढीवाला नुकताच हेडफोन काढत होता. मी टकटक केलं.

"जरा दार उघडता का? मी आहे–"

तो किंचाळला. उशी उडाली. मग उठून त्याने दार उघडलं.

"नर्सबाई…?"

"एवढे घाबरलात, मग उघडलंत कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना."

गेम खेळून तपासणं हे त्याचं काम. आणि हाच माझ्या मुळावर उठला होता! बाकीचे तपासणारे दाराशी घुटमळायचे. हा पहिल्याच हाकेला कुलूप काढायचा. गेमच्या मुख्य मॅडम म्हणाल्या, "या आवाजाची भीतीच वाटत नाही. सोमवारी बघू, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ."

मी त्याला कॉफीच्या मशीनपाशी गाठलं. "अहो, जरा घाबरा ना! माझं काम जातंय."

"घाबरतोच. हात बघा."

हात खरंच गार होता. मी तो जरा… जास्तच वेळ बघितला.

"ती खुनी आहे," मी हात सोडत म्हटलं. "मी ओळखते तिला. घसा माझा आहे!"

"झोपवते हो ती. तुम्हीच उगाच माणसाला मारताय."

"तुम्ही तिच्या प्रेमात पडलाय!"

त्याचे कान असे लाल झाले, की मीटिंगमधला एकही लाल त्यांच्यापुढे टिकला नसता.

सोमवारी मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "दर वेळी दार का उघडता?"

"तिच्या कमरेला किल्ली आहे, मॅडम. मनात आणलं तर कधीही आत येईल. तरी बाहेर उभी राहून विचारते."

चित्रकार पुटपुटला, "ती मी शोभेला काढली होती…"

मॅडम स्वतः खेळायला बसल्या. दाराशी गेल्या, मागे आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी हेडफोन आपटून म्हणाल्या, "काय बाई आहे ही! कळतच नाही. राहू दे हाच आवाज."

जिन्यात मी त्याला अडवलं. "किल्ली नसती तर?"

"तर… तरी उघडलं असतं."

"वेडा आहेस."

"आहे."

"बरं… संध्याकाळी मोकळा–"

"हो!"

"अरे, जरा घुटमळ तरी!"

"जमत नाही गं."

नंतर कळलं, माझा आवाज गेममध्ये पहिल्यांदा घातला, त्याच आठवड्यात त्याला गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर बदली मिळत होती. त्याने नको म्हणून कळवलं होतं.