या एकदा जेवायला

ही घटना शंभर टक्के खरी आहे. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

शपथ घ्यायलाही तयार होतो. पण माझ्या मुलीची, इराची, शपथ घ्यायला बायकोने, सुलेखाने, मनाई केली, आणि माझी स्वतःची घेतली तर ती कोणी मनावर घेत नाही.

तारीख २८ जून २०१४. शनिवार. जागा पुलाउ उबीन, सिंगापूरला लागून असलेलं एक छोटं बेट. वेळ दुपारी तीनची.

हो, दुपारी तीन. लख्ख ऊन होतं. अमावास्या आदल्याच दिवशी होऊन गेली होती, हे मी नंतर कॅलेंडरमध्ये बघितलं.

सगळं सुरू झालं मेक्सिकोमुळे.

माझी बहीण मीनल टेक्सासला असते. तिचा मुलगा रुचिर त्या उन्हाळ्यात मित्रांच्या चर्चच्या तुकडीबरोबर मेक्सिकोतल्या खेड्यांत सेवा करायला गेला होता. रोज फोटो. रुचिर विटा उचलताना. रुचिर शाळेची भिंत रंगवताना. रुचिर एका म्हातारीच्या पाया पडताना. आमच्या घरी तो कधी पाया पडला नव्हता.

"आपल्या इराचं काय चाललंय सुट्टीत?" मीनलने विचारलं.

इरा पंधरा वर्षांची. सुट्टीत ती झोपत होती.

शिवाय तिच्या शाळेला तीस तासांची समाजसेवा हवी होती. मग आमचे मित्र उल्हास, जे बँकेतून निवृत्त झाल्यापासून लोकांना कामाला लावतात, त्यांनी उबीनवरची जुनी कंपोंग घरं रंगवायचं ठरवलं. कंपोंग म्हणजे खेडं. सिंगापूरमध्ये खेडं उरलंय ते जवळपास एवढंच, बोटीने दहा मिनिटांवर. मेक्सिकोच्या मानाने सोयीचं.

चार शनिवार. दर वेळी सहा तास. आम्ही अकरा जण.

मला आणि इराला एका लाकडी घराची मागची बाजू मिळाली. बाकीचे पुढच्या बाजूला.

पहिल्याच दिवशी मागच्या दाराशी एक म्हातारी बसलेली दिसली. चिनी. फुलाफुलांचा सैल ब्लाउज, पायात लाकडी खडावा. अंगाला हिरव्या तेलाचा वास, डोकं दुखलं की इथले म्हातारे लावतात ते.

"जेवलात का?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

इथली म्हातारी माणसं नमस्कार करत नाहीत, हेच विचारतात. मी म्हटलं, "हो. तुम्ही?"

ती म्हणाली, "एकटीला जेवण जात नाही."

चारही शनिवारी हेच झालं. इरा तिच्याशेजारी बसून डबा खायची. म्हातारी नुसती बघायची. घास तोंडाकडे जाईपर्यंत बघायची.

उल्हासनी सगळ्यांना फॉर्म दिले होते. तारीख, तास, काम, आणि शेवटचा रकाना घरमालकाच्या सहीचा. म्हातारीला सही येत नव्हती. ती लाल शाईत अंगठा बुडवायची आणि उठवायची.

शेवटच्या दिवशी निघताना मी जे केलं, ते कोणत्याही मराठी माणसाने केलं असतं.

मी म्हटलं, "या एकदा आमच्याकडे जेवायला."

हे आपल्यात म्हणायचंच असतं. कोणी येत नाही. येणार नाही याची खात्री असते म्हणून तर इतक्या आग्रहाने म्हणता येतं. पंचवीस वर्षांत मी दोनेकशे लोकांना जेवायला बोलावलं असेल. आले तीन, आणि तिघांचाही आम्हाला राग आला.

म्हातारी उठून उभी राहिली.

"कुठे?" तिने विचारलं.

असं कोणी विचारत नाही. मी गडबडलो. पण सवय ती सवय... मी पुंगोल भागातला आमचा ब्लॉक सांगितला, नववा मजला सांगितला, लिफ्टमधून डावीकडे वळा म्हणून सांगितलं. वर म्हटलं, "रविवारी साडेबाराला आम्ही घरीच असतो."

ती हसली. तिचे दात मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

उबीनच्या बोटी वेळापत्रकावर चालत नाहीत. बारा माणसं झाली की बोट सुटते. सकाळी आम्ही अकराच होतो म्हणून बाराव्यासाठी वीस मिनिटं उन्हात बसलो होतो.

परतताना नावाड्याने तर्जनी नाचवत माणसं मोजली.

मग मान डोलावली... आणि इंजिन सुरू केलं.

आम्ही अकराच होतो.

लवकर सुटलेल्या बोटीबद्दल तक्रार कोण करतो?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेबाराला बेल वाजली.

मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. समोरून एलआरटीची, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोची, रिकामी गाडी वळणावरून गेली.

दार लावलं.

मग आतून... माझ्या मागून... आवाज आला.

खट्. खट्. खट्.

लाकडी खडावांचा. जेवणाच्या टेबलापर्यंत. मग थांबला.

"कोण होतं?" सुलेखाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोणी नाही."

आम्ही जेवायला बसलो. इराने ताटाला हातच लावला नाही.

"आय ॲम फुल ऑलरेडी, बाबा," ती म्हणाली.

"एक घास तरी खाल्लास का?"

"खाल्लं ना," ती म्हणाली. आणि ढेकर दिली.

वरण-भात जसाच्या तसा होता. सुलेखाने तिच्या ताटातला भात चाखून पाहिला. मग माझ्या ताटातला. मग पुन्हा तिच्या.

"हिच्या वरणात मीठच नाहीये," ती म्हणाली.

"एकाच पातेल्यातलं आहे ना?"

"हो."

सुलेखाच्या वरणात मीठ नाही असं आमच्या संसारात एकदाही झालेलं नाही. मी ताट पुढे ओढून चाखलं. नुसतं मीठ नाही असं नव्हतं. चवच नव्हती. ओला कागद चघळल्यासारखं.

आणि वास येत होता. हिरव्या तेलाचा.

सोमवारी शाळा सुरू झाली. इरा कुठेही असली, घरी किंवा शाळेच्या कँटीनमध्ये, साडेबाराला तिचं पोट भरायचं. काही न खाता. संध्याकाळी कशीबशी अर्धी पोळी. सुलेखा दुपारी घरी असायची. तिला रोज साडेबाराला खडावा ऐकू यायच्या. तिने मला हे दहा दिवस सांगितलं नाही, आणि मी तिला रविवारचं सांगितलं नव्हतं. संसार असाच चालतो.

दोन आठवड्यांत इराचं वजन पाच किलो उतरलं. शाळेचा स्कर्ट पिनेने आवळावा लागला. गालांची हाडं वर आली. जिने चढताना ती मध्येच बसू लागली.

नोव्हेना भागातल्या डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल.

"मुली या वयात डाएट करतात," डॉक्टर म्हणाले.

"ती म्हणते पोट भरलंय."

"तेच म्हणतात."

त्या शुक्रवारी उल्हास इराच्या फॉर्मवर सही करायला आले. फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटने लावला होता. त्यांनी चष्मा चढवला आणि बराच वेळ वाचत राहिले.

"रवींद्र, हे अंगठे कोणाचे?"

"त्या घरातल्या आजींचे."

"कुठल्या आजी? अरे, ते घर रिकामं आहे म्हणून तर रंगवायला मिळालं. तिथल्या बाईंना सात-आठ वर्षांपूर्वी दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत." मग माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाले, "तूच उठवलेस ना? खरं सांग. मी कोणाला बोलणार नाही."

मी फॉर्म हातात घेतला.

उबीनचे शनिवार चार होते. लाल अंगठे चारच असायला हवे होते.

सात होते.

पाचवा २९ जूनचा. सहावा ६ जुलैचा. सातवा १३ जुलैचा. तिन्ही रविवार. कामाच्या रकान्यात इराच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वृद्ध व्यक्तीला जेवताना सोबत.'

"हे तू लिहिलंस?" मी इराला विचारलं.

"नो," ती म्हणाली. सोफ्यावरून उठण्याचीही तिच्यात ताकद नव्हती. "बट शी इज नाइस, बाबा. शी जस्ट हंग्री लाह."

त्या रात्री सुलेखा रडली. मी तिला आमंत्रणाचं सांगितलं.

"पत्ता दिलास?" तिने विचारलं.

"हो."

"मजल्यासकट?"

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या मिसेस ओंगकडे गेली. मिसेस ओंग निवृत्त शिक्षिका आहेत आणि कशानेही दचकत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही बोलावलंत. मग तिला ताट वाढलंत का?"

नव्हतं वाढलं.

"पाहुण्याला ताट नाही," मिसेस ओंग म्हणाल्या, "म्हणून ती मुलीच्या ताटातलं जेवते. नीट जेवायला घाला. पोट भरलं की आपणहून जाईल. मात्र ती जायला निघाली की मध्ये बोलू नका."

शेवटचं वाक्य सुलेखाने मला तीनदा सांगितलं.

रविवार, २० जुलै. सुलेखा सकाळी सहापासून उभी होती. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, शिरा. टेबलाला चौथी खुर्ची लावली. चौथं ताट. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी.

साडेबाराला बेल वाजली.

मी दार उघडलं. म्हटलं, "या."

खट्. खट्. खट्.

चौथी खुर्ची... हळूच... मागे सरकली.

आम्ही तिघं मान खाली घालून बसलो. सुलेखाचे ओठ हलत होते. पंखा फिरत होता, पण टेबलावर वारा लागत नव्हता.

मग इराने पुरी उचलली.

तोडली. भाजीला लावली. खाल्ली.

दुसरी घेतली. मग तिसरी. "आई, शिरा अजून आहे?" तिने विचारलं. तीन आठवड्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. वाढता वाढता सुलेखाने अर्धा शिरा टेबलावर सांडला.

चौथ्या ताटातलं काहीच कमी झालं नव्हतं. पण शिऱ्याचा केशरी रंग उतरून तो पांढुरका पडत चालला होता.

पंधरा मिनिटांनी खुर्ची पुन्हा सरकली.

खट्. खट्. दाराकडे.

सुलेखाने डोळे मिटले. जाळीच्या दाराची कडी आपोआप वर झाली... दार फटभर उघडलं... कॉरिडॉरमधलं ऊन आत आलं.

आणि मी म्हणालो,

"बसा हो. एवढी काय घाई? चहा घेऊन जा."

मी ठरवून म्हटलं नाही. शपथेवर सांगतो. पन्नास वर्षांची सवय आहे. पाहुणा दारात गेला की तोंडातून ते निघतंच.

खडावा थांबल्या.

सुलेखाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. या संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असं लोक विचारतात. त्या नजरेची.

कडी खाली पडली.

दार लागलं.

खट्. खट्. खट्.

चौथी खुर्ची... पुढे सरकली.

सुलेखा उठली आणि तिने चहा टाकला. चार कप.

याला आता चार वर्षं झाली. चौथं ताट रोज साडेबाराला वाढलं जातं. २०१६ मध्ये एकदा सुलेखा मुंबईला गेली होती आणि मी विसरलो. त्या दुपारी इराने कॉलेजमधून मेसेज केला. 'फुल ऑलरेडी.' मी ऑफिसमधून टॅक्सीने घरी आलो आणि सूट-टायमध्ये भात लावला.

इराची तब्येत आता उत्तम आहे. पुढच्या महिन्यात ती युनिव्हर्सिटीच्या होस्टेलला राहायला जाईल. परवा सामानाची यादी करत होती. उशी एक, बादली एक, टेबल लॅम्प एक.

ताटं दोन.



घरातल्या कोणालाही आता मी जेवायला बोलवू देत नाही. मीनल आणि रुचिर डिसेंबरात येणार आहेत. त्यांना हॉटेल सुचवलं आहे. मीनलला राग आला आहे.

तो फॉर्म तेव्हाच, २१ जुलैला, शाळेत दिला होता. त्यावर एकूण आठ अंगठे होते. शाळेने उबीनचे चोवीस तास मान्य केले. उरलेली सेवा स्वतःच्या घरी केलेली असल्यामुळे ती धरता येत नाही, असं कळवलं.

सहा तास कमी पडले. ते इराने पुंगोलच्या वाचनालयात पुस्तकं लावून पूर्ण केले.