न फोडलेली आठवी बाटली

काहीतरी चोरीला गेलं की लोक योगिनी पगारकडे येत. नाशिक रोडच्या डॉक्टर किशोर निकमांनी मात्र तिला बोलावलं ते एक वस्तू जास्त सापडली म्हणून.

"ही बघा," म्हणत त्यांनी टेबलावर अंगठ्याएवढी काचेची बाटली ठेवली. आत चिमूटभर पांढरी पावडर होती आणि सील तसंच होतं.

योगिनीचे मदतनीस नवनाथराव वाकून पाहू लागले. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेलेला माणूस. मोजण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे; मोजलेल्यातून अर्थ काढायची वेळ आली की मात्र त्यांना चहा लागे.

"सहा रोगांवरची एकत्र लस," डॉक्टर सांगू लागले. "खोक्यात दोन गोष्टी येतात. पाच रोगांची लस भरलेली सिरींज आणि ही बाटली. सिरींजमधलं औषध बाटलीत सोडायचं, पावडर विरघळवायची, परत ओढून घ्यायचं, सुई बदलायची आणि टोचायचं. बुधवारी आठ बाळांना दिली. सिरींजा आठ संपल्या, बाटल्या सातच. ही काल झाडलोट करताना चिमणाबाई मावशींना सापडली."

"म्हणजे एका बाळाला पाचच रोगांची लस गेली. सहावा रोग कोणता?"

"मेंदूज्वराचा एक प्रकार. एवढ्या लहान बाळाला झाला तर फार वाईट."

"मग आठही बाळांना बोलवा."

"आणि आठ घरांत काय सांगू?" डॉक्टरांचा आवाज उतरला. "वीस वर्षांचं नाव आहे. मला ते एक बाळ शोधून द्या. बाकी, आमच्या नर्स सुमनबाईंना मी संध्याकाळी कामावरून कमी करणार आहे. बुधवारी मी केबिनमध्ये बसून बाळं तपासतो, टोचणं त्यांच्याकडे असतं."

तेवढ्यात एक बाई कोपर खरचटलेल्या मुलाला घेऊन आल्या. डॉक्टरांनी जखम पुसली, एप्रनच्या खिशातून सिंहाचं चित्र असलेली गोल पट्टी काढून चिकटवली आणि स्वतःच हळूच डरकाळी फोडली. पोरगं हसलं. नवनाथरावांना हा माणूस आवडला.

इंजेक्शनच्या खोलीत भिंतीवर पाटी होती : बिल निघाल्याशिवाय बाटली फोडू नये.

"महाग लस आहे," सुमनबाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, डोळे मात्र रात्रभर न झोपलेले. "एकदा कालवली की लगेच टोचावी लागते. कुणी बिल न भरता उठून गेलं तर वाया. म्हणून सरांचा नियम. बिलाची पावती या ट्रेमध्ये आली की मी कालवायला घेते. पाच-सहा मिनिटं तरी जातात. मग टोचून कापूस लावते, वर कागदी टेप. वेळ रजिस्टरला लिहिते, कारण पुढं अर्धा तास बाळाला बसवून ठेवायचं असतं."

"बुधवारी चूक झाली असेल तुमच्या हातून?"

"मी टोचलेल्या प्रत्येक बाळाला सहाची लस गेली, असं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं कालपर्यंत." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही, मॅडम."

फ्रीजची किल्ली त्यांनी आधीच रुमालात बांधून ठेवली होती, संध्याकाळी परत करायला.

काउंटरवरच्या वेदिकाने बिलांच्या प्रती काढून दिल्या. आठ बिलं आणि मध्येच एक रद्द केलेलं.

"हे का रद्द?"

"फलक नावाची बेबी आहे. तिचे पप्पा शोएबभाई सिन्नरच्या कंपनीत आहेत. कंपनीच्या विम्याला बिलावर बॅच नंबर लागतो. साधं बिल चालत नाही, म्हणून दुसरं काढून दिलं."

"बॅच नंबर कुठून घेतला?"

"खोक्यावर असतो ना. एरवी दुपारी रिकामी खोकी आली की मी नंबर रजिस्टरला उतरवते आणि या पेटीत टाकते." तिने काउंटरखाली बोट दाखवलं. "मावशींना ती बाटली यातल्याच एका खोक्यात मिळाली."

नवनाथरावांनी योगिनीला बाजूला घेतलं. "हिनंच लपवली असणार. विकायला."

"नुसती पावडर कोण घेईल, नवनाथराव? तुम्ही एक काम करा. आठही घरी फोन लावा. बाळाला ताप आला का, टोचलेल्या जागी काय लावलं होतं, एवढंच विचारा. आणि बिलाची वेळ अन् टोचल्याची वेळ शेजारी शेजारी मांडा."

तासाभराने नवनाथराव कागद घेऊन आले. "ताप तिघांना. कापूस-टेप सगळ्यांना. फक्त फलकची आई, अमिनाताई, म्हणाली, सिंहाची पट्टी काढताना पोर लई रडली. आता पट्टीवरून काय कळणार? वेळा म्हणाल तर बिलानंतर सात मिनिटं, आठ, सहा, नऊ... फलकचं मात्र झटक्यात. बिल बारा आठ, टोचलं बारा दहा. चांगली सर्व्हिस मिळाली त्यांना."

योगिनीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "चला केबिनमध्ये. सगळ्यांना बोलवा."

सुमनबाई दारापाशीच उभ्या राहिल्या. किल्ली त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून दिली.

"बाळ सापडलं," योगिनी म्हणाली. "फलक. बाटली फलकच्या खोक्यात होती. पण ते भरलेलं खोकं काउंटरपर्यंत गेलं कसं? एरवी तिथं रिकामी खोकी जातात, तीही दुपारी. फलकच्या बिलावर मात्र बॅच नंबर आधी हवा होता. वेदिका, तू आत जाऊन खोकं आणलंस?"

"हो. सिस्टरनी सिरींज काढून ट्रेमध्ये ठेवली होती. खोकं मी उचलून आणलं." वेदिकाचा चेहरा पडला. "आत बाटली आहे हे मी बघितलंच नाही."

"सिस्टर पावतीची वाट बघत थांबल्या, तुमच्या पाटीप्रमाणे. तेवढ्यात कुठे गेलात, सुमनबाई?"

"रुद्र म्हणून बाळ आहे, त्याला धाप लागली होती. शेजारच्या खोलीत वाफ द्यायला नेलं."

"तोवर वेदिका नवी पावती ट्रेमध्ये ठेवून गेली. सिरींज आणि पावती शेजारी शेजारी. या दवाखान्यात त्याचा अर्थ एकच, पुढचं काम सुरू करा. बिल आणि टोचणं यात दोन मिनिटं गेली. सुमनबाईंना नुसतं कालवायलाच पाच-सहा लागतात. म्हणजे टोचलं ते दुसऱ्याच कुणीतरी, सिरींज तयार आहे असं समजून. त्याने कापूस लावला नाही. सिंहाची पट्टी लावली."

नवनाथराव डॉक्टरांच्या एप्रनच्या खिशाकडे बघत राहिले. त्यांना आता चहाची गरज उरली नव्हती.

डॉक्टरांनी खिशातल्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "अमिनाताई दारात उभ्या होत्या," ते म्हणाले. "बाळ रडत होतं. ट्रे समोर होता. म्हटलं, एवढंसं काम. बाहेर येऊन सिस्टरना म्हणालो, बारा दहाला टोचलंय, लिहून घ्या. आणि विसरूनही गेलो."

"सुमनबाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" योगिनीने विचारलं.

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?" सुमनबाईंना खरंच कळेना. "सरांनी टोचलं म्हणजे सरांनी कालवूनच टोचलं असणार. मी बाकीची सातच बाळं डोळ्यांपुढं आणत होते."

नवनाथराव सुमनबाईंकडे बघू लागले. रात्रभर ही बाई स्वतःचे हात तपासत बसली होती, आणि आठव्या बाळाचा विचारही तिच्या मनाला शिवला नव्हता.

डॉक्टरांनी फोन स्वतः लावला. "शोएबभाई, डॉक्टर निकम. फलकला आजच घेऊन या. नुसती ती राहिलेली लस वेगळी मिळते, मी मागवून ठेवतो. नाही, तिची प्रकृती ठीक आहे. चूक माझ्या हातून झाली." ते थांबले. "होय, माझ्याच."

मग त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि उठून सुमनबाईंच्या हातात दिली. मान खाली घालून ते तसेच उभे राहिले.

चार वाजता अमिनाताई फलकला घेऊन आल्या. डॉक्टरांनी बाळाचे पाय धरले. सुमनबाईंनी नवी बाटली हातात घेतली आणि सवयीप्रमाणे ट्रेकडे पाहिलं. ट्रे रिकामा होता.

वेदिका दारातून डोकावली. "सर, बिल कुणाच्या नावानं काढू?"

"माझ्या," डॉक्टर म्हणाले. "पण नंतर. सुमनबाई, आधी बाटली फोडा."