खुर्ची नंबर चार, दुसरी पाळी

हे मी आजवर तिघांना सांगितलं. तिघांनीही एकच उत्तर दिलं. "तुझी झोप होत नाहीये."

झोप होत नाही, हे खरं आहे.

बाकीचंही खरं आहे.

गुरुवार होता. भर दुपार, पावणेदोन. लख्ख ऊन. घाबरायची वेळच नव्हती ती.

मी प्रोग्रॅमर आहे. दिवसा एका कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात एका डायलिसिस सेंटरची सिस्टीम सांभाळते. सहा खुर्च्या, सहा मशीन, दिवसाला तीन पाळ्या. कोण कधी येणार, कुठल्या खुर्चीवर बसणार, मशीन कसं लावायचं, सगळं त्या सिस्टीमवर चालतं.

ती लिहिली होती सरांनी. सर स्वतः तिथले पेशंट होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुसरी पाळी, खुर्ची नंबर चार. डाव्या हातात सुया असायच्या, म्हणून चार तास ते उजव्या हाताने टाइप करत बसायचे. मी शेजारी स्टुलावर बसून शिकले.

आठ महिन्यांपूर्वी सर गेले. घरीच, एका बुधवारी.

गुरुवारची पाळी राहिली.

त्यांच्या नावापुढे 'बंद' मी माझ्या हाताने लिहिलं.

तर त्या दुपारी मोठ्या सिस्टरचा फोन आला.

"मॅडम, जरा येऊन जाल का?"

"काय झालं?"

"चार नंबरला सरांचं नाव येतंय."

मी डोळे चोळले. आदल्या रात्री दोनपर्यंत कंपनीचं काम केलं होतं. म्हटलं, असेल काहीतरी बारीकसं. दहा मिनिटांत आटपेल.

जाऊन पाहिलं. रिसेप्शनच्या स्क्रीनवर सरांचं नाव. सिस्टरच्या स्क्रीनवर तेच. भिंतीवरच्या टीव्हीवर तेच.

इथे थोडं कामाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या प्रोग्रॅममध्ये पेशंटच्या टेबलाशी, म्हणजे त्यांच्या यादीशी, बोलणारा एकच ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, असतो. तो एकदाच तयार होतो, जो पहिल्यांदा मागेल त्याच्यासाठी. मग फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, तो आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवहीत, ठेवून देतं. पुढे कुणीही मागितलं की नवा बनत नाही, तोच मिळतो. अख्ख्या ऑफिसात एकच स्टेपलर असावा, तसं. आणि पहिल्या मागणाऱ्याने जे नियम लावले, तेच सगळ्यांना लागू होतात.

आमच्याकडे पहिली मागणी प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत आहे. नियमही साधा आहे. जे पेशंट गेले, त्यांची नावं दाखवायची नाहीत.

मला वाटलं, तो नियम गळाला असेल. पण तसं असतं तर गेलेले सगळेच दिसायला हवे होते. सर धरून बाराजण होते.

बाकीचे अकरा दिसत नव्हते.

फक्त सर दिसत होते.

सर्व्हर सामानाच्या खोलीत आहे. सलाइनची खोकी बाजूला सारून मी लॅपटॉप उघडला आणि सिस्टीम बंद करून पुन्हा चालू केली.

पहिल्याच ओळीवर अडकली.

'हे टेबल आधीच तयार आहे. आता नियम लावता येणार नाही.'

आधीच?

ती पहिली ओळ होती. तिच्या आधी काही नव्हतंच.

मी रजिस्ट्री रिकामी केली. पुन्हा चालू केलं.

तेच.

मग मी दोन ओळी घातल्या. टेबल कोण मागतंय, कुठल्या फाइलमधून, किती वाजता, सगळं लिहून निघावं म्हणून.

निघालं.

प्रोग्रॅम सुरू झाला दोन वाजून सहा मिनिटं अकरा सेकंदांनी.

माझी मागणी, बारा सेकंदांनी. फाइलचं नाव, ओळ नंबर, सगळं बरोबर.

तिच्या वर आणखी एक मागणी होती. फाइलच्या जागी... काही नाही. ओळीच्या जागी... काही नाही.

आणि वेळ...

दोन वाजून सहा मिनिटं नऊ सेकंद.

प्रोग्रॅम सुरू व्हायच्या दोन सेकंद आधी.

घड्याळ चुकलं असेल म्हणून मी ते तपासलं. बरोबर होतं. मग त्या ऑब्जेक्टवर नेमका काय नियम लागलाय, तो छापून पाहिला. माझंच वाक्य होतं, गेलेल्यांना लपव. त्याला पुढे एक शेपूट जोडलेलं होतं.

गुरुवार, दुसरी पाळी, खुर्ची चार सोडून.

सगळ्या फाइली शोधल्या. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

टक... टक टक... टक.

त्या भिंतीपलीकडे चार नंबरची खुर्ची आहे.

मी बाहेर आले. पाच खुर्च्यांवर पाच माणसं होती, दोघं झोपलेली, एकजण पेपर वाचत होता. कुणाच्याही हातात लॅपटॉप नव्हता. चार नंबर रिकामी होती. फक्त तिची बाजूची फळी, लॅपटॉप ठेवायची, आडवी केलेली होती.

"ही कुणी पाडली?"

सिस्टर फळीकडे पाहत राहिल्या. "सकाळपासून तीनदा उभी केली मी."

"टेक्निशियनला सांगितलं?"

"सांगितलं की. म्हणाला, स्क्रू ढिला आहे. घट्ट करून गेला." आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तोही जेवायला जातो म्हणून गेलाय तो आलाच नाही."

दाराशी एक बाई बसल्या होत्या. शाळेत शिकवायच्या. सरांची गुरुवारची जागा इतके महिने रिकामीच होती; त्या दिवसापासून ती त्यांना मिळाली होती. ताप आला म्हणून मंगळवारी आल्या नव्हत्या. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. दोन शब्द बोलल्या की थांबून श्वास घ्यायच्या. सोबत त्यांची नणंद होती.

"अहो, अर्धा तास झाला," नणंद म्हणाली. "खुर्ची रिकामी दिसतेय ना?"

"सिस्टीम घेत नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "खुर्ची भरलेली दाखवतेय."

"कुणी भरलीय? तुमच्या कॉम्प्युटरला माणूस आणि हवा यातला फरक कळत नाही का?"

शिक्षिका बाई हसायला गेल्या. त्यांना खोकला आला. थांबेना.

मी सिस्टरला बाजूला घेतलं. "कागदावर लिहून सुरू करा ना."

"करता येईल. आधीही केलंय." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "पण मला त्या खुर्चीवर कुणाला बसवायचा धीर होत नाही. तुम्हीच काय ते बघा. तुमचे सर होते."

मी फार दमले होते. दमलेल्या माणसाला भीतीही उशिरा वाटते. मी सरळ चार नंबरपाशी गेले. तिथे गार होतं. एसीचा झोत समोरच्या भिंतीवर असतो, तिथे नाही.

टक... टक.

अगदी जवळून.

मी स्टूल ओढलं आणि बसले. हळू बोलले, पेशंटना ऐकू जाऊ नये म्हणून.

"सर, उठा आता. बाईंना बसायचंय. त्यांना दम लागतोय हो."

टक.

"तुमचं राहिलेलं काम मी करते. पण जागा सोडा."

आवाज थांबला.

मग खुर्चीचं रेक्झिन हलकेच करकरलं... बराच वेळ बसलेला माणूस हाताचा आधार घेऊन उठतो, तसं. बैठकीचा दबलेला भाग सावकाश वर आला.

सिस्टर दोन हात अंतरावर होत्या. त्यांनीही पाहिलं. आजपर्यंत त्यावर आम्ही दोघी एकमेकींशी बोललेलो नाही.

मी आत जाऊन सिस्टीम चालू केली. पहिली मागणी माझीच होती. शेपूट नव्हतं. टीव्हीवर चार नंबरपुढे शिक्षिका बाईंचं नाव आलं.

अडीच वाजता त्यांचं मशीन सुरू झालं. साडेसहाला त्या स्वतःच्या पायांनी रिक्षापर्यंत चालत गेल्या. नणंद जाताना म्हणाली, "आधीच बंद करून चालू करायचं ना, मॅडम."

"हो," मी म्हटलं. "चुकलंच."

इथे ही गोष्ट संपली असती तर मी विसरूनही गेले असते.

पुढच्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, सरांच्या बायकोचा फोन आला. आम्ही त्यांना काकू म्हणतो.

"कामात आहेस का गं?"

"नाही, बोला ना काकू."

"यांचा मेसेज आला नाही आज."

मला कळेना. "कसला मेसेज?"

"तुमच्या सेंटरचा. आज दोन वाजता, खुर्ची चार. दर गुरुवारी येतो सकाळी. हे गेल्यापासून एकदाही चुकला नाही. तुला सांगितलं असतं तर तू बंद केला असतास. म्हणून नाही बोलले."

मी फोन कानाला लावूनच सेंटरच्या पाठवलेल्या मेसेजची नोंद उघडली. आठ महिने मागे गेले.

काकूंच्या नंबरवर एकही मेसेज गेलेला नव्हता.

"काकू, सिस्टीममध्ये चूक होती," मी म्हटलं. "मी दुरुस्त केली."



"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला जागा मिळाली असेल."

"हो. एका बाईंना."

"मग ठीक आहे."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेले नाही. जायला हवं, कळतं. पाय उचलत नाही.

सिस्टीम आता नीट चालते. शिक्षिका बाई दर गुरुवारी येतात, वह्या तपासत बसतात. मी मात्र रोज रात्री, कितीही उशीर झाला तरी, टेबल पहिल्यांदा कुणी मागितलं ते पाहते आणि मगच आडवी होते.

रोज पहिली मागणी माझीच असते.

तरी झोप येत नाही.

मी सरांना उठायला सांगितलं, आणि ते उठले. पण उठून जायचं कुठे, हे मी सांगितलं नाही...

आणि त्यांनी विचारलंही नाही.